रिठातली रहदारी

१

हरभऱ्याच्या वावरात गल्ल्या होत्या. खऱ्या नव्हेत, गाडीच्या पडद्यावरच्या. पण नकाशात जे काढलेलं असतं ते कुठंतरी असतंच, अशी सरिताची भूगोलात एम.ए. केल्यापासूनची पक्की समजूत होती; म्हणून त्या बारीक करड्या रेघा बघताना तिचा तोल जरासा गेला. फार नाही. भरलेला समजून उचललेला हंडा रिकामा निघावा, तेवढंच.

गाडी तिच्या भावाची, सतीशची. त्यानं पुण्यात नवी घेतली आणि ही बहिणीला दिली. वाशीमहून किन्हीराजाला बाबांकडे जायला-यायला बरी पडेल म्हणाला, आणि लगेच गाडीतल्या नकाशाच्या मागे लागला. नकाशा जुना होता. समृद्धी महामार्ग त्यात नव्हताच. गाडी त्यावर चढली की पडद्यावरचा बाण उघड्या रानातून तरंगत चालल्यासारखा दिसे. सतीशनं फोनवरून सगळं नीट समजावलं. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, गाडी उघड्या आभाळाखाली उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि काहीही झालं तरी मधेच बंद करायचं नाही.

तशी ती रविवारी दुपारी भाड्याच्या खोलीपुढच्या अंगणात, गाडीत बसून राहिली. पडदा काळा झाला. त्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. घरमालकीण धापूबाई खाटेवरचे पापड उलटायला बाहेर आल्या आणि कुठं निघालीस म्हणून विचारू लागल्या. कुठंच नाही आजी, सरिता म्हणाली, गाडीला नवे रस्ते शिकवतेय.

"शिकव, शिकव," धापूबाई म्हणाल्या. "फक्त तिला सांग, धूर माझ्या पापडांवर सोडू नको. शिकल्यासवरल्यांचा लई त्रास असतो."

पट्टी भरली, पडदा उजळला. समृद्धीची जाड निळी रेघ आली. सरितानं सवयीनं बोट फिरवून नकाशा सरकवला. मालेगाव, किन्हीराजा, आणि त्याच्या खाली बाबांचं वावर. तिथं आजवर नुसता पिवळट रिकामा चौकोन असायचा. आता तिथं गल्ल्या होत्या. अरुंद, वाकड्या, एकमेकींना अडवणाऱ्या, जुन्या गावात असतात तशा.

२

सतीश हसला. वरून सॅटेलाइटला धुरे, वावरांमधले बांध, दिसले असतील आणि मशीननं त्यांचेच रस्ते केले असतील, असं त्याचं म्हणणं. सरितालाही ते पटलं. भूगोल तिचा होता. अशा चुका कशा होतात हे तिनंच त्याला चार गोष्टी जास्त सांगून समजावलं. फक्त एक तिनं सांगितलं नाही: धुरे सरळ असतात.

ते वावर रिठातलं. रिठ म्हणजे कधीकाळी उठून गेलेलं गाव. सरकारदरबारी नाव राहतं, माणूस राहत नाही. वऱ्हाडात असे रिठ कितीतरी. तिथली जमीन कसायला कुणी पुढं येईना, म्हणून ती सरिताच्या आजोबांना पट्ट्यानं मिळाली. नांगराला खापराचे तुकडे लागत, ते बाबा टोपल्यात भरून धुऱ्यावर ओतत. गाव का उठलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं. त्या घरात तसल्या गप्पांना थाराच नव्हता. आजोबांनी छप्पन्न साली देव-देवस्की सोडली ती सोडली. सरिता लहानपणी मांजर आडवं गेलं तरी दचकायची, तेव्हा तिचे बाबा, इंद्रभान, तिला गोठ्यामागच्या अंधारात नेत, हातातली बॅटरी विझवत आणि म्हणत, "पाह्य. काही हाये काय इथं? नाई. आपण तसलं मानत नाई." मग बॅटरी लावत आणि तिला खांद्यावर घेऊन परत आणत.

आई गेल्यापासून बाबा किन्हीराजाला एकटे आणि ती वाशीमला एकटी. एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात ती संगणकावर बसे. कितीतरी दिवस तिनं बाबांच्या मागे टुमणं लावलं होतं की इकडे या, माझ्याजवळ राहा. यंदा ते पहिल्यांदा हो म्हणाले होते. तुरीचं खळं झालं की येतो, वावर बटाईनं देतो आणि येतो. तिनं दुसरा पलंग आणून ठेवला होता, त्याच्यावर चादरही घातली होती.

नकाशा भरला त्या दुपारीच गाडीनं तिला विचारलं, घर कुठं?

नवी सोय होती. एकदा घर नोंदवलं की गाडी आपोआप वाट दाखवणार. सरितानं किन्हीराजातल्या त्यांच्या वस्तीवर बोट ठेवलं. गाडी म्हणाली, जवळपास रस्ता नाही. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. वस्तीतली गल्ली त्या नव्या नकाशात नव्हतीच. सतीशला विचारलं तर म्हणाला, जवळचा कुठलाही रस्ता दे, एवढं काय त्यात. जवळचे रस्ते वावरातलेच. वावर तरी कुणाचं, आपलंच. म्हणून तिनं मधल्या एका गल्लीवर बोट टेकवलं आणि गाडीनं ते लगेच घेतलं. रेघेच्या टोकाशी एक छोटंसं कौलारू चित्र उमटलं. त्याखाली लिहिलेलं: घर.

३

धापूबाईंच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं होत. मग चूल बंद, दारं ओढलेली, आणि अंगणात सरिताच्या खोलीचा तेवढा दिवा. त्या वेळी ती खोलीत बसू शकत नसे. दुसरा पलंग समोर दिसे. मग ती डबा घेऊन गाडीत जाऊन बसायची, गाणी लावायची, आणि चावी अर्धी फिरवून पडदा बघत जेवायची.

असंच जेवताना तिला तो नारिंगी धागा दिसला.

तिचा फोन जोडला की पडदा आता रस्त्यावरची रहदारीही दाखवत असे. मोकळा रस्ता हिरवा, संथ असेल तर नारिंगी, तुंबला की लाल. सतीशनं सांगितलं होतं, त्यात जादू काही नाही. लोकांच्या खिशातले फोन कसे सरकतात त्यावरून ते कळतं. आणि वावरातल्या एका गल्लीत नारिंगी धागा हळूहळू पुढं जात होता.

क्षणभर तिच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती एकटीच हसली. बाबा! बाबांच्या बंडीच्या खिशात फोन होता. कापलेल्या तुरीची गंजी रचलेली होती, रानडुकरं येत होती, म्हणून बाबा संध्याकाळी वावरात एक चक्कर मारत. त्यांचा फोन चालतो तसा धागा चालतो.

त्यानंतर तिची संध्याकाळ त्या धाग्याशी बांधली गेली. आज बाबा जरा उशिरा निघाले. आज थांबत-थांबत चालतायत, गुडघा दुखत असेल. आज लवकर परतले. फोनवर बाबा दोन वाक्यांच्या पुढं बोलायचे नाहीत, पण हा धागा मात्र तिच्याशी बराच वेळ बोले. कॉलेजातल्या बायका संध्याकाळी काय करतेस विचारत, तेव्हा ती सांगायची, बाबांसोबत जेवते. खोटं बोलल्यासारखं तिला वाटत नसे.

४

एकदा तिनं धाग्याकडे बघत बघतच बाबांना फोन लावला. चक्कर मारताना पकडायचं आणि गंमत करायची, असं मनात होतं.

"चाहा करून राह्यलो," बाबा म्हणाले. मागे भांड्याचा आवाज आला, शेजारच्या रुख्मिणीकाकूंच्या टीव्हीतली मालिका ऐकू आली.

"म्हणजे तुम्ही घरी आहात?"

"मंग कोठी राहीन? आज वावरात गेलोच नाई. कंबर धरली."

पडद्यावर धागा गल्लीच्या वळणाशी आला, थांबला, आणि वळला.

सरितानं विषय बदलला. जेवण काय, औषध घेतलं का, असं काहीबाही विचारून फोन ठेवला. मग गाडीचे चारी दरवाजे लॉक केले आणि तशीच बसून राहिली. दुसऱ्या कुणाचा तरी फोन असेल. मजूर असेल. चोर असेल, गंजीवर डोळा ठेवून आलेला. चोर असला तर बरंच, असंही एकदा तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाज वाटली. नाहीतर ही सगळी माहिती उशिरा येत असेल, कालची आज. होय, तसंच. कालचे बाबा आज दिसतायत.

बघता बघता दुसऱ्या गल्लीत एक धागा उमटला. मग त्याच्या शेजारच्या. दिवेलागणीच्या वेळी गावात माणसं आपापल्या घरी परततात, तसे ते सगळीकडून आत येत होते. अर्ध्या तासात मधली गल्ली लाल झाली.

तुंबली होती. हरभऱ्यात गर्दी झाली होती.

५

पुढच्या रविवारी ती वावरात गेली. थंडीतलं ऊन होतं, हरभरा गुडघ्याच्या खाली, घाटे भरत आलेले. कापलेल्या तुरीचे सड पायाला टोचत होते. एका नजरेत सगळं दिसावं असं उघडं रान. झाड म्हणाल तर विहिरीवरचा एक कडुनिंब. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं चार घाटे तोडून तिथंच सोलून खाल्ले.

गाडी पांदणीत, वावराकडच्या गाडीवाटेवर, उभी होती. तिनं बाबांना आत बसवलं आणि हसत हसत पडदा दाखवला. पाहा, या मशीननं तुमच्या वावराचं शहर करून टाकलंय.

बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग पडद्याला न टेकवता, वरच्यावर, बोट एका गल्लीतून दुसरीत नेत राहिले. वळणाशी बोट वळे. कौलारू चित्राशी येऊन ते थांबलं.

"हे कोणं लावलं?"

तिनं सांगितलं, मीच. गाडी दुसरं काही घेईना म्हणून. बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत. फार वेळ वाट बघितलेलं पत्र आल्यावर माणूस जसं पुन्हा वाचतो, तसं त्यांनी ते चित्र पुन्हा पाहिलं. मग पाणी आणतो म्हणून कळशी घेऊन विहिरीकडे निघाले.

ती काचेतून बघत होती. विहीर समोर होती, अगदी समोर. बाबा सरळ गेले नाहीत. थोडं चालले, उजवीकडे वळले. मग काटकोनात डावीकडे. एका ठिकाणी त्यांनी कळशी अंगाशी धरली आणि खांदा तिरका केला, अरुंद जागेतून जाताना करतात तसा. त्यांच्या पायाखाली वाट होती. हरभऱ्यातून मळलेली, कोपरे असलेली, जुनी पायवाट.

ती या वावरात लहानाची मोठी झाली होती. ही वाट तिनं शंभरदा पाहिली असणार. मग ती सरळ नाही, हे आजवर कसं दिसलं नाही?

बाबा परतले ते तसेच. तिनं विचारलं, सरळ काहून नाही येत, केवढा फेरा पडतो.

"सवय हाये," बाबा म्हणाले. "आमचा बाप बी असाच चालत जाये."

"पण मधून काय अडचण आहे बाबा? रिकामंच तर आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती नव्हती. तीच थोडी वेडपट बोलली असावी, असं काहीतरी होतं.

"मधून कसं जावं, बाई?" ते म्हणाले. "लोकं राह्यतात."

मग लगेच खळ्याचं बोलू लागले. थ्रेशरवाल्या जगदेवनं तारीख दिलीय, त्यानंतर मोकळा, मग चाल वाशीमले. तिनं फक्त तेवढंच ऐकायचं ठरवलं.

६

परतल्यावर तिनं नकाशातलं घर पुसून टाकायचा प्रयत्न केला. पडद्यावर नोंद निघाली, चित्र गेलं. गाडी बंद करून चालू केली की चित्र जागेवर. जुना नकाशा परत घालता येईल का, म्हणून सतीशला विचारलं. तो म्हणाला मागं जाता येत नाही, पुढंच जाता येतं. त्याच्या आवाजात कंटाळा होता. तू एकटी राहून राहून जास्त विचार करतेस सरू, असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तरी तिनं पुन्हा एकदा पेनड्राइव्ह लावला. पुन्हा अंगण, पुन्हा चालू इंजिन, काळा पडदा, पांढरी पट्टी. या खेपेला धापूबाई बाहेर आल्या नाहीत. पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. काळ्या काचेत सरिताला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि चेहऱ्यामागे मागची रिकामी सीट. तिनं आरसा वर फिरवून टाकला. बंद करू नको, काहीही झालं तरी. ती बसून राहिली. पट्टी पुन्हा सरकली.

नकाशा आला तेव्हा गल्ल्या वाढलेल्या होत्या.

त्याच आठवड्यात बाबा वावरात जागलीला राहू लागले. खळ्याची तारीख पुढं गेली, मग आणखी पुढं. फोन उशिरा उचलायला लागले. वाजून वाजून बंद होई, दुसऱ्यांदा लावावा लागे. एका संध्याकाळी उचलला तेव्हा ती रागानं बोलायला लागली की किती वेळ, माझा जीव जातो इथं.

"जोरानं बोल," बाबा म्हणाले. "काही आयकू येऊन नाई राह्यलं. लय गलका हाये इथं."

तिनं फोन कानाशी दाबून धरला. बाबांच्या मागे काही नव्हतं. वारा नव्हता, टिटवी नव्हती, दूरच्या गाडीचा आवाजसुद्धा नव्हता. मोट्ठी स्वच्छ शांतता होती, आणि तिच्यावर मात करण्यासाठी बाबा ओरडून बोलत होते.

"बाबा, कोण आहे तिथं?"

"आँ?" बाबा ओरडले. मग तोंड फोनपासून लांब नेऊन कुणालातरी म्हणाले, मऊ, घरच्या आवाजात: "पोरगी हाये माही. वाशीमले राह्यते. एकटीच."

७

त्यानंतरच्या शुक्रवारी बाबांनी फोन उचललाच नाही.

सकाळी नाही, दुपारी नाही. ऑफिसात तिनं टाइप केलेल्या प्रत्येक कागदात चूक निघाली. चार वाजता तिनं रुख्मिणीकाकूंना लावला. काकू निवांत होत्या. इंद्रभानभाऊ सकाळीच गेले म्हणाल्या, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. कुठंतरी जेवणाचं बोलावणं होतं.

"कुणाकडे?"

"ते नाई सांगतलं. ताट-तांब्या घेऊन गेले ना पिशवीत." काकूंना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. गावाकडच्या पंगतीला माणूस आपलं ताट आपण नेतो, तशीच रीत. "मी म्हटलं, आज तर गावात कोणाच्या घरी कार्यक्रम नाई. तर हासले. म्हणे गावात नाई, घरीच हाये. आता तूच सांग, घरी जेवायले कोणी ताट घेऊन जाते काय?"

काकूंनी पुढं सहज म्हटलं, "दोन ताटं होते, पोरी. मले वाटलं तू येऊन राह्यली."

साहेबांना न विचारता ती ऑफिसातून निघाली. गाडी सुरू करताच पडद्यानं आपणहून वाट आखली. तिनं ती बंद केली. मालेगावच्या अलीकडे ती पुन्हा सुरू झाली. बाईचा तो गोड, नीट शिकवलेला आवाज सांगत होता, पुढे गर्दी आहे, सावकाश चला. रस्ता मोकळा होता. उसाची एक ट्रॉली, दोन मोटारसायकली, बस. सरिता दर मैलाला बाबांचा नंबर लावत होती. गाडीच्या स्पीकरमधून घंटी वाजे, वाजे, आणि तुटे.

ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती. साखर कमी झाली असेल, चक्कर येऊन पडले असतील. फोन गंजीत पडला असेल. म्हातारपणात माणूस असं बोलतं, त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. उद्याच अकोल्याला न्यायचं. आपण तसलं मानत नाही. आपण तसलं मानत नाही. दुसऱ्यांदा म्हणताना तिच्या लक्षात आलं की हे वाक्य बाबा नेहमी बॅटरी विझवल्यावर म्हणायचे.

८

पांदणीला लागली तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. आभाळात उजेड होता, जमिनीवर नव्हता. जिथं गाडी नेहमी लावायची तिथंच तिनं थांबवली आणि पुढचे दिवे चालूच ठेवले.

दिव्यांत तुरीचे सड, पुढं हरभरा, कोपरे असलेली ती वाट. गंजी. गंजीला टेकून बाबांची काठी. बाकी रान रिकामं, शेवटच्या धुऱ्यापर्यंत रिकामं.

पडद्यावर एकही गल्ली हिरवी नव्हती. सगळ्या लाल, आणि लाली सरकत नव्हती. कौलारू चित्राभोवती ती गडद होऊन बसली होती. बसली होती, हाच शब्द तिच्या मनात आला. आलेले सगळे आता खाली बसले होते.

तिनं काच खाली घेतली. "बाबा," अशी हाक मारली. आवाज उघड्यावर जसा विरतो तसा विरला नाही. थोडा पुढं गेला आणि आपटून तिच्याकडे परत आला.

दरवाजाच्या खटक्यावर तिचा हात होता. तिला उतरायचं होतं. बाबा इथं होते. काठी होती तर बाबा होते, आणि त्यांना घेऊन जायचं एवढंच काम होतं. खोलीत पलंग होता, चादर होती. पण खटक्यावरचा हात काढून तिनं पुन्हा नंबर लावला आणि समोर बघत राहिली.

घंटी वाजू लागली.

वावरापलीकडे, लांब क्षितिजाशी, समृद्धीवरच्या गाड्यांचे दिवे दिसत होते. बारीक पिवळे मणी, एकामागून एक, डावीकडून उजवीकडे. त्यांच्याकडे बघून तिला धीर आला. तिथं माणसं होती, ट्रक होते, कुणी नागपूरला निघालं होतं. तिनं एक दिवा नजरेनं धरला. तो सरकत आला, वावराच्या मध्याशी आला आणि विझला.

जरा वेळानं उजवीकडे पुन्हा लागला.

तिनं दुसरा धरला. तोही त्याच जागी गेला, त्याच जागी आला. झाड असेल. तिथं झाड नव्हतं. खड्डा असेल, वळण असेल. तिसरा दिवा, चौथा. जिथं ते विझत होते तिथली कड हळूहळू तिच्या डोळ्यांत भरली. खालून सरळ उभी, वर जाऊन तिरकी, मग तिरकी खाली. तिच्या शेजारी आणखी एक, थोडी बुटकी. तिच्या शेजारी आणखी. आभाळात उरलासुरला उजेड होता आणि त्याच्यापुढं ती कड, काळ्यावर काळी, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दात असल्यासारखी.

ती डोळे मिटणार होती. त्याआधी त्या कडेच्या खाली, अगदी जमिनीलगत, एक उभी पिवळी फट उजळली. दार किलकिलं झाल्यावर पडते तशी. फटीत कुणीतरी वाकून बाहेर बघितलं, तिच्या गाडीच्या दिव्यांकडे, हात कपाळाशी धरून.

घंटी थांबली. पडद्यावर बाबांच्या नावाखाली सेकंद मोजले जाऊ लागले.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, चला ना घरी."

स्पीकरमधून भांड्यांचा आवाज आला, पुष्कळ माणसं एकदम बसल्यासारखा सळसळता आवाज, आणि मग एका बाईचा, अनोळखी, कामाच्या घाईतला, अजिबात वाईट नसलेला:

"जेवून राह्यले ते. तुह्यंच ताट तेवढं रिकामं हाये."